‘माइल्ड’ म्हणजे किती आणि आकडा म्हणजे किती खरा? पुण्यातल्या रेडिओलॉजिस्ट मंडळींना खुलं पत्र

पुण्यातल्या सगळ्या रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांना, आणि एमआरआय सेंटर चालवणाऱ्या मालक-मॅनेजर मंडळींनाही,

स. न. वि. वि.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना "हा कोण आम्हाला शिकवणार" असं मनात आलं तर त्यात काही चूक नाही. माझं सगळं आयुष्य आधी भोसरी आणि नंतर चाकणच्या कारखान्यांत क्वालिटी डिपार्टमेंटला गेलं, गाड्यांचे पार्ट मोजायचे आणि ज्याने मोजतोय ते साधन खरं बोलतंय का ते तपासायचं, एवढंच काम. त्यामुळे एमआरआयच्या चित्रात काय दिसतंय यावर मी अवाक्षर काढणार नाही, तो प्रांत तुमचा. पण रिपोर्टात आकडा आला की तो थोडासा माझ्याही प्रांतात येतो, आणि जिथे यायला हवा तिथे आला नाही की तेव्हाही.

मागणी एकच आहे. शब्द लिहिलात तर तो कुठल्या ग्रेडिंगने लिहिला ते लिहा, आणि आकडा लिहिलात तर तो किती इकडेतिकडे होऊ शकतो ते लिहा. पुढचं सगळं पत्र म्हणजे हे मी का म्हणतोय त्याचा खुलासा आहे, वॉर्डमधून फोन वाजत असेल तर इथेच थांबलात तरी चालेल.

विषय निघाला तो आईमुळे. आई ऐंशीच्या पुढची, गेली काही वर्षं विसरायला लागली म्हणून न्यूरॉलॉजिस्ट मॅडमनी मेंदूचा एमआरआय सांगितला, तो घराजवळच्या एका सेंटरला काढला, रिपोर्टात "वयानुसार माइल्ड सेरेब्रल अट्रॉफी", म्हणजे मेंदू थोडा आकसलाय. पुढे बऱ्याच महिन्यांनी परत काढायचा होता तेव्हा त्या सेंटरला लवकर अपॉइंटमेंट मिळेना म्हणून दुसरीकडे गेलो, तिथे आलं "मॉडरेट डिफ्यूज सेरेब्रल अट्रॉफी" आणि शेवटी एक रंगीत पान जोडलेलं, त्यावर दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचं, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी संबंधित भागाचं, घनफळ थेट दोन दशांश स्थळांपर्यंत, आणि खाली लाल चौकटीत की हे पाचव्या पर्सेंटाइलच्या खाली आहे, म्हणजे शंभरातल्या पंच्याण्णव जणांचं यापेक्षा मोठं असतं. आता हे पान घरात काय करतं ते सांगायला नको, फॅमिली ग्रुपवर त्याचा फोटो गेला, बहीण ठाण्याहून निघून आली, भाच्याने गूगल करून अल्झायमर जाहीर करून टाकला आणि आई बिचारी सगळ्यांना विचारत बसली की मला नक्की झालंय काय. मॅडमनी मात्र ते पान बाजूला ठेवलं, दोन्ही सीडी कॉम्प्युटरवर लावून शेजारी शेजारी बघितल्या, आईला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, थोड्या गप्पा मारल्या आणि म्हणाल्या की मला तरी दोन्हीत फारसा फरक दिसत नाही, पहिल्या मशीनच्या चुंबकाची ताकद दीड टेस्ला होती आणि दुसऱ्याची तीन, आणि घनफळ फक्त दुसऱ्याचंच मोजलंय म्हणजे तुलना कशाशी करणार. मग त्यांनी बी-ट्वेल्व्ह आणि थायरॉइड करायला लावलं, बी-ट्वेल्व्ह कमी निघालं, त्याची इंजेक्शनं चालू झाली. आई आजही विसरते, पण ते लाल पान आता कपाटात आहे.

मला त्या सेंटरशी भांडायचं नाही म्हणून नावही लिहीत नाही. मला खटकलं ते असं की दोन रिपोर्टांत एक शब्द बदलला आणि एक आकडा वाढला, आणि दोन्हींपैकी एकाच्याही मागे पट्टी नव्हती.

आमच्याकडे मोजमाप दोन प्रकारचं असतं. एक गो-नो-गो गेज, म्हणजे भोकात पिन गेली तर पार्ट पास नाही गेली तर फेल, किती मिलिमीटर ते कुणी विचारत नाही. आणि दुसरं मायक्रोमीटर वगैरे, जिथे आकडा येतो. नवीन पोरांना वाटतं आकडावालं साधन म्हणजे वरच्या दर्जाचं, तसं काही नसतं, चांगला गो-नो-गो गेज बिघडलेल्या मायक्रोमीटरपेक्षा शंभरपट बरा. पण दोन्हींची परीक्षा घ्यावीच लागते. मायक्रोमीटर असेल तर तेच दहा पार्ट तीन वेगवेगळ्या ऑपरेटरना दोन-तीनदा मोजायला देतात, कुणाला कुणाचा आकडा न दाखवता, आणि मग बघतात की आकड्यांमधला किती फरक पार्टचा आहे आणि किती साधनाचा नि माणसाचा. साधन आणि माणूस मिळून दहा टक्क्यांच्या आत असेल तर छान, दहा ते तीस म्हणजे बघू, तीसच्या वर गेलं की ऑडिटर ते साधन वापरूच देत नाही. आणि नुसत्या डोळ्याने पास-फेल करणारा माणूस असेल तर त्याचीही तशीच परीक्षा, दोन इन्स्पेक्टरांचं एकमेकांशी किती जुळतं आणि एकाचंच स्वतःशी किती जुळतं, त्याला कप्पा म्हणतात. हा कप्पा तुमच्याही जर्नलमध्ये पानोपानी असतो हे मला आईच्या निमित्ताने वाचायला लागल्यावर कळलं, म्हणजे शास्त्र एकच आहे, फरक इतकाच की आमच्याकडे ते कारखान्याच्या फ्लोअरवर येतं आणि तुमच्याकडे बऱ्याचदा जर्नलमध्येच राहतं.

आता शब्दांचं बघू, म्हणजे ज्याला क्वालिटेटिव्ह म्हणतात ते. पाठीच्या एमआरआयइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही, कारण पुण्यात चाळिशी ओलांडलेला आणि खड्ड्यांतून टू-व्हीलर चालवणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी "गादी सरकलीये" हे ऐकतोच. २०१७ साली स्पाइन जर्नलमध्ये अमेरिकेतला एक प्रयोग छापून आला, मला तो वाचून क्वालिटीवाला म्हणून अक्षरशः घाम फुटला. कंबर आणि उजव्या पायात दुखणाऱ्या ६३ वर्षांच्या एका बाईंना तीन आठवड्यांच्या आत दहा वेगवेगळ्या सेंटरना पाठवलं, कंबर तीच, दुखणं तेच. दहा रिपोर्टांत मिळून ४९ वेगवेगळे दोष सापडले. दहाच्या दहा रिपोर्टांत आलेला दोष किती, तर शून्य. नऊ रिपोर्टांत आलेला एकच. आमच्या फ्लोअरवर असं झालं असतं तर लाइन बंद झाली असती.

यात कुणी आळशी होता किंवा कुणाला येत नव्हतं असं मला वाटत नाही. कोणी "बल्ज" म्हणजे गादी फुगलीये म्हणतं, कोणी त्यालाच "प्रोट्रुजन" म्हणजे बाहेर आलीये, एकाला जे लिहिण्यासारखं वाटतं ते दुसऱ्याला वयाचं वाटून सोडून द्यावंसं वाटतं. आणि वयाचं म्हणाल तर त्याचे चक्क आकडे आहेत. २०१५ मध्ये एक मोठा आढावा आला, ३३ अभ्यास, ३,११० माणसं, सगळी अशी की ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही. त्यांच्यात वीस वर्षांच्या ३७ टक्क्यांच्या स्कॅनमध्ये डिस्कची, म्हणजे मणक्यांमधल्या गादीची, झीज होती आणि ऐंशी वर्षांच्या ९६ टक्क्यांच्या. डिस्क बल्ज विशीत ३०, ऐंशीत ८४ टक्के. म्हणजे ऐंशीच्या आजींच्या रिपोर्टात "डिस्क डिजनरेशन" असं ठळक अक्षरात येतं ते शंभरातल्या शहाण्णव न दुखणाऱ्या आजींच्या रिपोर्टातही आलं असतं. एवढी एक ओळ इम्प्रेशनच्या, म्हणजे रिपोर्टातल्या शेवटच्या निष्कर्षाच्या, खाली का नाही येत? रक्तातल्या साखरेच्या रिपोर्टात आकड्याशेजारी नॉर्मल रेंज असते, कुठल्या पद्धतीने तपासलं तेही असतं, आणि आपण ती रेंज न बघता रिपोर्ट वाचतच नाही.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की ही ओळ टाकून बघितलीये लोकांनी. अमेरिकेत सुमारे २ लाख ३९ हजार पेशंटांवर ट्रायल झाली, २०२० मध्ये निकाल आला, रिपोर्टात वयानुसार टक्केवारी टाकली तरी पाठीवरचे एकूण उपचार काही कमी झाले नाहीत, फक्त अफूच्या जातीच्या गोळ्या थोड्याशा कमी लिहून दिल्या गेल्या. तेव्हा एका ओळीने जग बदलेल असं मी म्हणत नाहीये. पण आमच्या सोसायटीतला एक गृहस्थ बल्ज वाचून तेव्हापासून घरातली बादलीसुद्धा उचलत नाही आणि दिवसेंदिवस आणखी आखडत चाललाय, त्याच्यासाठी ती ओळ कामाची होती.

तुमच्याकडे पट्ट्या नाहीत असंही नाही, हेच तर मला नवल वाटतं. डिस्कच्या झिजेला फिरमनची एक ते पाच ग्रेड आहे २००१ पासून. मेंदूतल्या पांढऱ्या ठिपक्यांना फाझेकास शून्य ते तीन, १९८७ पासून. हिप्पोकॅम्पसच्या भागासाठी शेल्टन्सची शून्य ते चार, १९९२ पासून, आणि ती तर पट्टी हातात न घेता नुसत्या डोळ्याने लावायची, दोन मिनिटांचं काम. प्रोस्टेटला पायरॅड्स, ब्रेस्टला बायरॅड्स अशा ठरलेल्या ग्रेड आहेत, त्या तुम्ही नेमाने लिहिता कारण पुढचा सर्जन त्या मागतो. मग मेंदू आणि पाठ यांनीच काय पाप केलंय? आईच्या पहिल्या रिपोर्टात "माइल्ड" ऐवजी "शेल्टन्स उजवीकडे १ डावीकडे १" असं असतं आणि दुसऱ्यातही तेच असतं तर ठाण्याहून कुणाला यायला लागलं नसतं. आणि दुसऱ्यात ३ असतं तर निदान खरं काहीतरी बदललंय एवढं तरी कळलं असतं.

आता आकड्यांकडे येतो, कारण हल्ली जोर त्याचाच आहे, एआय लावलंय, व्हॉल्युमेट्री म्हणजे घनफळ मोजणं आहे, रंगीत रिपोर्ट आहे, पॅकेजमध्ये थोडे पैसे जास्त.

एक गोष्ट सामान्य वाचकांसाठी सांगतो, डॉक्टर लोकांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. सीटी स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपक्याला अर्थ असलेला आकडा असतो, हाउन्सफील्ड युनिट, पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणे १०००, मशीन कोथरूडचं असो नाहीतर कोलकात्याचं. एमआरआयच्या नेहमीच्या चित्राला असं काही नसतं. शरीरातल्या पाण्याचे आणि चरबीचे हायड्रोजन अणू चुंबकात रांगेत उभे राहतात, रेडिओ लहरींनी त्यांना ढकललं की ते परत जाग्यावर येतात, येताना जो सिग्नल देतात त्याचं चित्र बनतं. पण तो ठिपका किती पांढरा येणार हे पेशीवर जितकं अवलंबून तितकंच सिग्नल पकडणारी कॉइल कुठली, टेक्निशियनने टायमिंग काय लावलं, मशीनने चित्र किती उजळवलं यावरही. एकाच माणसाच्या एकाच ठिपक्याला एका मशीनवर ३०० आणि दुसऱ्यावर ९०० येऊ शकतं आणि दोन्ही बरोबर. म्हणून तुम्ही "शेजारच्यापेक्षा पांढरं" असं बघता, आणि चित्र तसं असताना तसंच बघणं योग्य आहे.

गंमत म्हणजे एमआरआयची सुरुवात चित्राने झालीच नाही, आकड्याने झाली. १९७१ साली रेमंड डॅमेडियन या अमेरिकन डॉक्टरांनी सायन्स नावाच्या जर्नलमध्ये छापलं की उंदरांच्या गाठींमधल्या पाण्याचा टी-वन आणि टी-टू, म्हणजे ते अणू परत जाग्यावर यायला लागणारा वेळ, निरोगी पेशींपेक्षा जास्त असतो. वेळ मोजला होता, चित्रबित्र काही नाही. चित्र काढायची युक्ती पॉल लॉटरबर यांची, १९७३ ची, पुढे पीटर मॅन्सफिल्ड यांनी ती वेगवान केली आणि २००३ चं नोबेल त्या दोघांना मिळालं. डॅमेडियनना नाही मिळालं तेव्हा त्यांनी अमेरिकेतल्या पेपरांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला, आपल्याकडे पाटी लावली असती. असो. सांगायचं ते हे की आज क्वांटिटेटिव्ह, म्हणजे आकडे देणारा, एमआरआय म्हणून जे नवीन म्हणून विकलं जातंय ते खरं तर सगळ्यात जुनं आहे, मधली पन्नास वर्षं चित्रं इतकी सुंदर यायला लागली की मोजायचं मागे पडलं.

आणि जिथे मोजणं नीट झालंय तिथे आकड्याने माणसं वाचवलीत. थॅलेसेमिया मेजरचं बघा, म्हणजे जन्मतःच शरीरात नीट रक्त न बनण्याचा आजार. पिंपरी कॅम्पच्या सिंधी वस्तीत ज्यांचं येणंजाणं आहे त्यांना हा आजार काय असतो हे माहीत असतं, कारण सिंधी समाजात त्याचे वाहक तुलनेने जास्त आहेत. मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि ते बाहेर टाकायची शरीराकडे सोय नाही. ते साठत साठत हृदयात गेलं की हृदय एक दिवस दगा देतं. आता हृदयात किती लोह आहे हे डोळ्याने कळत नाही, आणि रक्तातल्या फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनावरूनही कळत नाही, हे २००१ साली लंडनच्या डॉक्टरांनी दाखवलं. त्यांनी टी-टू-स्टार मोजला, म्हणजे सिग्नल विरायला लागणारा वेळ, लोह जितकं जास्त तितका तो कमी, श्वास रोखून काही सेकंदांचा स्कॅन, आकडा मिलिसेकंदात. दीड टेस्लाच्या मशीनवर २० च्या वर असेल तर ठीक, २० च्या खाली म्हणजे लोह साठतंय, १० च्या खाली म्हणजे धोका अगदी दारात आणि गोळ्या-इंजेक्शनं ताबडतोब वाढवायला हवीत. आणि हा आकडा मशीन बदललं तरी टिकतो, फक्त दीड टेस्लाची पट्टी तीन टेस्लाला लावायची नाही. ब्रिटनमध्ये हे सुरू झाल्यावर थॅलेसेमियाच्या पेशंटांचे हृदयामुळे होणारे मृत्यू खूप घटले, अर्थात त्यात नवीन औषधांचाही वाटा आहे. तिथे "हृदयात थोडंसं लोह असावं असं वाटतं" असला रिपोर्ट काय कामाचा? मुलाच्या आईला आकडाच हवा, आणि मागच्या वर्षीचा आकडा शेजारी हवा.

फॅटी लिव्हरचंही तसंच. पुण्यात कुठल्याही हेल्थ चेकअपला गेलं की सोनोग्राफीत "ग्रेड वन फॅटी लिव्हर" निघतंच, मला तर आता न निघालेला माणूस भेटला की सत्कार करावासा वाटतो. ग्रेड वन दहा वर्षं ग्रेड वनच, माणूस बारा किलो उतरला तरी ग्रेड वन. एमआरआयने लिव्हरमधली चरबी टक्क्यांत मोजता येते, पाचेक टक्क्यांच्या वर म्हणजे जास्त, आणि १८ वरून ११ वर आली तर माणसाला कळतं की चालायला जाण्याचा उपयोग होतोय. सगळ्यांनी लगेच हा एमआरआय काढावा असं नाही, उगाच खर्च आहे, पण ज्याचं औषध चालू आहे आणि बदल बघायचाय त्याला शब्दाने बदल कळणार नाही.

मग आकडा चांगला का वाईट? माझ्या धंद्यातलं उत्तर ठरलेलं आहे. जो बदल पकडायचाय तो साधनाच्या चुकीपेक्षा मोठा असेल तर आकडा चांगला. नसेल तर तो आकडा नाही, नुसती छपाई.

अमेरिकेतल्या रेडिओलॉजी सोसायटीने २००७ साली क्यूआयबीए नावाचं काम हाती घेतलं ते नेमकं यासाठीच. एडीसी म्हणजे पेशींमधलं पाणी किती मोकळं फिरतंय त्याचा आकडा, कॅन्सरच्या उपचारात गाठ मरतेय का हे बघायला वापरतात. त्यांनी लिहून ठेवलंय की मेंदूत हा आकडा ११ टक्क्यांपेक्षा जास्त बदलला तर बदल खरा धरा, लिव्हरमध्ये २६, आणि प्रोस्टेटमध्ये ४७ टक्के. सत्तेचाळीस! त्याच्या आतला बदल नुसत्या मोजण्यातला डोल असू शकतो. हे वाचल्यावर एखाद्या रिपोर्टातलं "एडीसी १५ टक्के वाढलं, उपचाराला प्रतिसाद आहे" हे वाक्य कसं वाचायचं? मेंदूची गाठ असेल तर हो, प्रोस्टेट असेल तर काहीच सांगता येत नाही. आकडा तोच, छापलेलाही तितकाच ठसठशीत.

हिप्पोकॅम्पसच्या त्या लाल पानालाही हीच फूटपट्टी लावू. निरोगी म्हाताऱ्या माणसाचा हिप्पोकॅम्पस वर्षाला साधारण दीड टक्का आकसतो, अल्झायमरमध्ये साडेचार टक्क्यांच्या आसपास. म्हणजे वर्षभरात पकडायचा फरक तीन टक्क्यांचा. एका बाजूचा हिप्पोकॅम्पस तीन-साडेतीन सीसीचा, त्याचे तीन टक्के म्हणजे एक दशांश सीसी, दोन-तीन थेंब. इतका बारीक फरक पकडायचा तर मशीन तेच हवं, सिक्वेन्स, म्हणजे स्कॅन करायची पद्धत, तोच हवा, सॉफ्टवेअर तेच आणि त्याचं व्हर्जनही तेच हवं, कारण व्हर्जन बदललं तरी त्याच स्कॅनचं घनफळ बदलतं हे छापून आलेलं आहे. पेशंट पाणी कमी प्यायला असेल तरी मेंदूचं माप थोडं हलतं. आणि आई तर मशीनमध्ये "गणपती बाप्पा मोरया" पुटपुटत मान हलवत होती, त्याचं काय करणार. इतकं असून दोन दशांश स्थळं छापायची म्हणजे लाकडी पट्टीने मोजून मायक्रॉनमध्ये लिहिण्यासारखं झालं, आमच्याकडे ट्रेनीलासुद्धा त्यावरून ऐकून घ्यावं लागतं.

त्यात पर्सेंटाइलचा घोळ वेगळाच. पाचवा पर्सेंटाइल म्हणजे कुणामध्ये पाचवा? सॉफ्टवेअरच्या पोटात निरोगी लोकांचा जो डेटा असतो तो कुणाचा आहे, कुठल्या वयाचा, कुठल्या देशाचा, हे त्या पानावर कुठेही नव्हतं. हैदराबादच्या ट्रिपल आयटी या संस्थेने २०१९ मध्ये शंभर निरोगी भारतीयांचे स्कॅन घेऊन भारतीय मेंदूचा अॅटलास, म्हणजे नमुना नकाशा, केला तेव्हा आपला सरासरी मेंदू उंचीने, रुंदीने आणि घनफळाने पाश्चात्त्यांपेक्षा लहान निघाला, चिनी-कोरियन लोकांपेक्षाही. त्याचा अकलेशी काही संबंध नाही, कृपया कुणी त्यावरून सुरू होऊ नका. पण जिथे कॅनडातल्या नाहीतर अमेरिकेतल्या मापाने सदाशिव पेठेतल्या पावणेपाच फुटी म्हातारीला "कमी" ठरवलं जातंय तिथे निदान तसं लिहायला तरी हवं. काही सॉफ्टवेअर कवटीच्या मापाचा हिशोब धरतात, ते बरं, पण धरलाय का नाही ते आम्हाला कसं कळणार?

हे सगळं वाचून कुणाला वाटेल मी डोळ्याच्या बाजूचा नाही. उलट आहे. आपल्याकडे फिट आलेल्या तरुण माणसाच्या मेंदूत रिंगसारखा डाग दिसला की तो क्षयाचा का पोर्क टेपवर्मच्या अळीचा हा रोजचा प्रश्न. वेल्लोरच्या सीएमसीतले राजशेखर आणि चँडी यांनी नियम बसवून दिले, त्यात २० मिलिमीटर हा आकडा आहे, त्याहून छोटी एकुलती गाठ, सूज फार नाही, तर अळीकडे झुकायचं. पण रिंगच्या आत तो बारीक ठिपका, अळीचं डोकं, दिसलं की आकडा बाजूला राहतो, निदान झालंच. तो ठिपका शोधणं हे सरावलेल्या डोळ्याचं काम, आणि क्षयाच्या औषधांचा मोठा कोर्स त्या एका ठिपक्याने टळू शकतो. घनफळ मोजणारं सॉफ्टवेअर अशा डागाकडे बघतसुद्धा नाही, त्याला जे मोजायला सांगितलंय तेच ते मोजतं. म्हणून व्हॉल्युमेट्रीचं पान आलं की रेडिओलॉजिस्टने चित्र कमी बघायचं असं होऊ लागलं तर ते सगळ्यात वाईट.

मला माहितीये तुमच्यासमोर दिवसाला किती स्कॅन येतात, त्यातले किती रात्री टेलिरेडिओलॉजीने वाचले जातात, आणि एका रिपोर्टामागे किती कमी मिनिटं आणि किती कमी पैसे उरतात. रेफर करणारा डॉक्टर म्हणतो एक ओळीत सांगा, पेशंट म्हणतो फिल्म द्या आणि मोकळं करा. म्हणून मी मोठं काही मागत नाहीये. रिपोर्टाचा टेम्प्लेट तुमचाच असतो, त्यात मशीन किती टेस्लाचं, सॉफ्टवेअर कुठलं आणि व्हर्जन कुठलं हे एकदा टाकलं की आपोआप छापलं जाईल. अट्रॉफी आणि डिस्कसाठी ग्रेडचा ड्रॉपडाउन ठेवा, माइल्ड-मॉडरेट हवं तर शेजारी राहू दे. आकड्यापुढे अधिक-उणे लिहा, आणि ते तुमच्या मशीनवर माहीत नसेल तर आकडा गोल करा, दुसरं दशांश स्थळ तर काढूनच टाका. जुना स्कॅन दुसऱ्या सेंटरचा असेल तर "मशीन वेगळं, आकड्यांची थेट तुलना करू नये" एवढं वाक्य इम्प्रेशनमध्येच लिहा, मागच्या पानावर बारीक अक्षरात नको. फॉलोअपच्या पेशंटला रिसेप्शनवरच सांगा की पुढच्या वेळी शक्यतो याच मशीनवर या, त्यात तर तुमचाच धंदा आहे. आणि सीडी द्या, मागितल्यावर नाही, आपणहून, फिल्मवरून कुणाला घनफळ मोजता येत नाही.

सेंटरच्या मालकांना एक वेगळं सांगायचंय. मशीनवाल्या कंपनीचा इंजिनियर येऊन फँटम, म्हणजे मशीन तपासायचा ठोकळा, ठेवून बघून जातो, त्याचा कागद फायलीत जातो, तेवढ्याने माणसावरचं मोजमाप कळत नाही. दोन-तीन सेंटरनी मिळून ठरवावं, चार धडधाकट माणसं घ्यावीत, प्रत्येकाला प्रत्येक मशीनमध्ये दोनदा झोपवावं, मध्ये उठवून परत झोपवावं, आणि रिपोर्ट करणाऱ्यांना नाव न सांगता वाचायला द्यावं. बाहेर असे प्रयोग होतात, त्यांना ट्रॅव्हलिंग हेड्स म्हणतात, एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात त्यामुळे निरोगी माणसाला परत परत झोपवायला रेडिएशनची भीती नाही, फक्त तुमच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागेल आणि रविवारची सकाळ. आकडेमोड मी करून देतो, फुकट, तीस वर्षं तेच केलंय.

आणि माणसं कमी पडली तर मी पण येतो. पेसमेकर नाही, अंगात कुठे स्टीलची पट्टी नाही, डाव्या बाजूला खालच्या दाढेवर एक धातूची कॅप आहे ती कशाची आहे ते दातांच्या डॉक्टरांना विचारून ठेवतो, बंद जागेची भीती वाटत नाही, आणि झोपल्यावर घोरतो पण मान हलत नाही असं घरचे सांगतात.

आपला,
भोसरीचा एक जुना क्वालिटीवाला